राजगिरा, लिंबोणी, खाजण: बाबांबरोबर तीन देशांत तीन दिवस

बाबांना अर्धांगवायूचा झटका आला त्याला आता दोन वर्षं होतील. काठी घेऊन चालतात, समजतं सगळं, पण शब्द चटकन सापडत नाहीत. चमचा हवा असतो आणि "ते... ते..." करत थांबून राहतात. आपण शब्द पुरवला की चिडतात. म्हणून मी हल्ली गप्प बसून वाट बघते. जानेवारीतल्या एका सकाळी, नाशिकच्या आमच्या घरी चहा पिताना ते असेच थांबले आणि बऱ्याच वेळाने म्हणाले, "खाजण."

खाजण म्हणजे खाडीलगतची खारी जमीन. पण आमच्या घरात खाजण हा एक देश होता.

"दामूकाकांकडे जायचंय?"

त्यांनी मान हलवली. "आधी... लिंबोणी."

ज्यांना हा ब्लॉग माहीत आहे ते म्हणतील, केतकीताई, एसटीने कुठे कुठे जाता, हे देश कुठल्या आगाराच्या हद्दीत येतात? तर सांगते. मी लहान असताना आम्ही डोंबिवलीत राहायचो. बाबा जमीन मोजणीच्या कामात होते. दर रविवारी आमच्या बाहेरच्या खोलीत जमिनीवर एक मोठा नकाशा पसरला जायचा, बाबांनी स्वतः काढलेला. त्या जगाचं नाव 'पलीकडे'. त्यात तीन देश. बाबांचा राजगिरा, तिथे राजा. खालच्या मजल्यावरच्या सुमित्रामावशींचा लिंबोणी. मावशी टेलिफोन ऑपरेटर होत्या. आणि दामू पाटलांचा खाजण. दामूकाका कल्याणच्या एका छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचे, राहायला दिवा स्टेशनकडे, खाडीकाठच्या गावात. त्यांचं घराणं मिठागरातलं.

एका निवडणुकीच्या सुमारास कुठली राज्यपद्धत चांगली यावरून तिघांचं कडाक्याचं भांडण झालं. मावशी म्हणाल्या, नुसतं भांडण्यापेक्षा चालवून बघू. मग प्रत्येकाने आपला देश आणि त्याचे कायदे आणले. डब्यात संकटांच्या चिठ्ठ्या घालून ठेवल्या: महापूर, टोळधाड, साथ, खोटी नाणी. रविवारी एक चिठ्ठी काढायची आणि आपापल्या कायद्याने त्यातून देश सोडवायचा. हे पंधरा-सोळा वर्षं चाललं. मी अठरा वर्षांची असताना एका रविवारी दामूकाका आले नाहीत, आणि नंतर कधीच आले नाहीत. का, ते मला कुणी सांगितलं नाही. त्या वयात मी विचारलंही नाही.

तर बाबांच्या मनात हे होतं. माझ्या मनात आणखी एक काम होतं, ते इथे लिहिते, कारण पुढचं त्याच्याशिवाय कळणार नाही. डोंबिवलीचा तो फ्लॅट बंद पडून आहे. झटक्यानंतर बाबांनी अंगठा लावून माझ्या नावे कुलमुखत्यारपत्र केलं, म्हणजे त्यांच्या वतीने सह्या मी करू शकते. फ्लॅट विकायला गिऱ्हाईक मिळालेलं. नाशिकला आम्हाला मोठी जागा घ्यायचीय, मुलीला स्वतःची खोली हवीय. शनिवारी चार वाजता एजंट कागद घेऊन त्या फ्लॅटवर येणार होता. बाबांना मी सांगितलं नव्हतं. वाईट वाटेल त्यांना, आत्ताच कशाला, असं स्वतःला समजावत राहिले.

शुक्रवार: ठाणे

नाशिकहून ठाण्याची सकाळची एसटी पकडली. बाबांनी पंच्याहत्तरी ओलांडलीय, त्यांचा प्रवास मोफत. मला महिला सवलतीचं अर्धं तिकीट. आधार कार्ड हाताशी ठेवा, आमचा कंडक्टर कडक होता. काठीवाल्या माणसासाठी पुढच्या दाराजवळची जागा मागून घ्या, लाजू नका. कसारा घाटात बाबा खिडकीला कपाळ लावून बसलेले. भिवंडीच्या बाहेर ट्रकांच्या रांगेत पाऊण तास गेला आणि खोपट आगारात उतरलो तेव्हा ऊन डोक्यावर आलेलं. तिथून नौपाड्याला रिक्षा मीटरने आली, विनातक्रार.

सुमित्रामावशी आता ठाण्यात एकट्या राहतात. दार उघडून त्यांनी बाबांना वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"या, महाराज," त्या म्हणाल्या. "वाळलात."

बाबा हसले. अर्धाच चेहरा हसतो हल्ली, पण हसले.

जेवायला मटारची उसळ, पोळ्या, गाजराची कोशिंबीर. मावशींनी बाबांच्या डाव्या हाताशी चमचा ठेवला आणि त्याबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत. जेवण झाल्यावर कपाटातून वह्या काढल्या. प्रत्येक रविवारची नोंद, त्यांच्या सुवाच्य अक्षरात.

"हा महापूर ऐक," त्यांनी चष्मा लावला. "राजगिरा: राजाने सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि एका दिवसात बांध घालायचा हुकूम दिला. राजधानी वाचली, पलीकडच्या काठावरची सात गावं बुडाली. लिंबोणी: त्या वर्षी चिठ्ठी एका न्हाव्याच्या नावाने निघालेली. त्याला धरणातलं काही कळत नव्हतं, म्हणून त्याने सरळ सगळ्यांना डोंगरावर नेलं. माणसं वाचली, धान्य गेलं. खाजण: सभा आठ रविवार चालली. एकमत झालं तोवर पाणी ओसरलेलं."

मला हसू आवरेना. "मग जिंकलं कोण?"

"कुणीच नाही गं. ते ठरवायला चौथा देश लागला असता."

लिंबोणीत राज्यकर्ता चिठ्ठी टाकून निवडायचा, एका वर्षासाठी, आणि त्याला पुन्हा कधी ते पद नाही. "ज्याला सत्तेची हाव आहे त्याच्याच हाती ती पडेल, असं होत नाही यात," मावशी म्हणाल्या. "पण दोष आहेच. एका वर्षी एका विणकर बाईचं नाव निघालं. तिला नको होतं ते. मी खेळात लिहून ठेवलंय बघ, ती रडली. आणि तरी मी तिला खुर्चीत बसवलं. कायदा म्हणजे कायदा. आता वाटतं, नको म्हणायची मुभा ठेवायला हवी होती."

मग बाबांचा डोळा लागला. मी स्वयंपाकघरात कप विसळत असताना मावशी शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

"दामूकडे निघालात म्हणजे तुला सांगायला हवं. काय झालं ते माहितीय?"

नव्हतं माहीत. त्यांनी सांगितलं ते असं. गावावरून नवा रस्ता जाणार होता. दामूकाकांचं खाडीकडचं शेत त्यात जायचं होतं, आणि त्याची मोजणी बाबांकडे आली. बाबांनी मोजणी चोख केली, त्यात काही वावगं नव्हतं. पण त्याआधी महिनाभर त्यांना ठाऊक होतं. चार रविवार ते दामूकाकांसमोर नकाशावर बसले, चहा प्यायले, टोळधाड परतवली, आणि बोलले नाहीत. एक दिवस दामूकाकांचे वडील शेतावर गेले तर बांधावर चुन्याच्या खुणा.

"तुझे बाबा, वसंतराव, म्हणाले, ऑफिसातली गोष्ट बाहेर कशी सांगायची. खरंही असेल," मावशी म्हणाल्या. "आणि वाईट वाटेल त्याला, म्हणून टाळलं. तेही खरंच."

माझ्या हातातला कप मी बराच वेळ विसळत राहिले.

संध्याकाळी शिळफाट्यामार्गे टॅक्सीने डोंबिवली. शुक्रवारी संध्याकाळी हा रस्ता शक्यतो टाळा, दीड तास धरून चाला. फ्लॅटमध्ये धुळीचा वास. बाबा सगळ्या खोल्यांतून एकदा फिरले आणि बाहेरच्या खोलीत, जिथे नकाशा पसरायचा तिथे, खुर्ची मागून बसले. खालच्या पोळीभाजी केंद्रातून डबा आणला. मी शनिवारचं चार वाजताचं मनात घोळवत होते. बोलले नाही.

शनिवार: दिव्याकडे, खाजणात

सकाळी रिक्षा ठरवली, जाऊन-येऊन, थांबायचे वेगळे. काठीवाल्या माणसाबरोबर हाच मार्ग बरा. दिव्याच्या अलीकडे इमारती इतक्या खेटून उभ्या आहेत की एकीचे कपडे दुसरीच्या गजांवर वाळावेत. गल्लीच्या तोंडाशी टँकर आलेला, निळ्या पिंपांची रांग. बाबा वाकून वाकून बघत होते. "इथे... भात," ते म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा, "भात."

गावात शिरल्यावर पाटलांचं घर विचारावं लागलं नाही. तीन मजली, गुलाबी, समोर गाडी. शेताच्या पैशांत बांधलेलं, हे नंतर दामूकाकांनीच सांगितलं. ते ओट्यावर वाल सोलत बसलेले. बाबांना रिक्षातून उतरताना पाहिलं, सोलायचे थांबले, आणि उठले नाहीत.

"हिरा," त्यांनी आत हाक मारली, "पाणी आन. वसंता आलाय."

हिराकाकींनी पाणी आणलं, माझ्या गालावरून हात फिरवला. "केतकी ना तू बाय? केवढी झालीस." मग त्या दोघांकडे बघून आत गेल्या.

मी काहीबाही बोलले. प्रवास, बाबांची तब्येत, मावशींनी पाठवलेला नमस्कार. दामूकाका ऐकत होते. मग म्हणाले, "बाय, तुझ्या बापाला माझ्या देशाचा कायदा आठवतो का, विचार."

बाबांनी मान हलवली.

"तुना नाय ठाऊक," ते माझ्याकडे वळले. "आमच्या खाजणात मतदान नाय. हात वर करायचे नाय. सगळे बसणार, एकेक बोलणार. आणि ज्याचं नुकसान व्हायचंय, तो सगळ्यात शेवटी बोलणार. त्याचं बोलून होईपर्यंत निर्णय नाय. मग आठ रविवार लागू दे, नाय तर आठ वर्षं."

"इथे तर वीस झाली," मी म्हणाले.

"मंग बोलू दे त्याला."

बाबांनी काठी भिंतीला टेकवली. तोंड उघडलं, मिटलं. "मला..." ते म्हणाले. गल्लीतून एक मोटरसायकल गेली. "मला... ते..." मला तो शब्द माहीत होता. जिभेवर होता माझ्या. दामूकाकांनी माझ्याकडे न बघताच हात वर करून मला थांबवलं.

किती वेळ गेला सांगता येत नाही. बाबांच्या कपाळावर घाम आलेला.

"माहीत होतं," ते म्हणाले. "चार... रविवार. भ्यालो."

दामूकाकांनी एक शेंग उचलली, सोलली, दाणे ताटात टाकले.

"आता माझं," ते म्हणाले. "शेताचं मना काय वाटत नाय. रस्ता झाला, पैसे मिळाले, पोरं शिकली, ह्ये घर बघ. तू मोजलं नसतं तर दुसऱ्यानं मोजलं असतं. पण माझा बापूस सकाळी शेतावर गेला, एकटा. चुन्याच्या रेघा बघितल्या. त्याला वाटलं कोणी करणी केली. घाबरून पळत आला रं, म्हातारा माणूस. मना आधी कळलं असतं तर मी त्याला हाताला धरून नेलं असतं. बाबा, असं असं हाय, बोललो असतो. एवढंच केलं असतं मी. दुसरं काय करणार व्हतो?"

बाबा रडत होते. झटक्यानंतर त्यांना रडू लवकर येतं, डॉक्टरांनी सांगितलंय. तरी हे रडू त्यातलं नव्हतं.

"आणि शेवटच्या रविवारी," दामूकाका म्हणाले, "त्याच शेताच्या बांधावरच्या वालाच्या शेंगा मी तुना आणून दिल्या. तू पिशवी घेतलीस."

"घेतली," बाबा म्हणाले. हा शब्द लगेच आला.

मी माफीची वाट बघत होते, खरं सांगते. कुणीतरी कुणाला मिठी मारेल असं वाटत होतं. तसं झालं नाही. दामूकाकांनी उरलेल्या शेंगांची सुपली दोघांच्या मध्ये सरकवली. बाबा डाव्या हाताने एक शेंग सोलायला लागले. एका हाताने सोलली जात नाही ती. शेंग निसटायची, ते पुन्हा उचलायचे. दामूकाकांनी मदत केली नाही. बाबांची एक शेंग होईपर्यंत त्यांची मूठभर व्हायची. असेच बसले दोघं, तासभर तरी.

जेवायला तांदळाची भाकरी, वालाचं कालवण, सुकट. निघताना दामूकाका रिक्षापर्यंत आले.

"माफ केलं का, ते इचारू नको," ते बाबांना म्हणाले. "माझ्या सभेत मी एकटा नाय. बापूस पण व्हता, तो आता नाय. पन बोलून झालं. येत जा."

परतीच्या वाटेवर बाबा दमून गेलेले. मी मात्र सरळ बसलेले. घड्याळात अडीच वाजलेले.

तोच शनिवार: चार वाजता

फ्लॅटवर चहा केला. बाबांसमोर खुर्ची ओढून बसले आणि सांगितलं. गिऱ्हाईक आहे, एजंट येतोय, सही माझी चालते, तुम्हाला सांगणार नव्हते. वाईट वाटेल म्हणून, असं म्हणायला गेले आणि गिळलं. म्हटलं, "तुम्ही नाही म्हणाल या भीतीने."

बाबांनी खोलीभर नजर फिरवली. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

"बोला ना," मी म्हणाले.

"शेवटी," ते म्हणाले. "सगळे... आधी."

म्हणजे आधी बाकीच्यांनी बोलायचं. खाजणाचा कायदा, राजगिऱ्याच्या राजाने घेतलेला. सगळे म्हणजे कोण, तर माझा नवरा, माझी मुलगी, मी. दोघं नाशिकला. बेल वाजली. एजंट जिना चढून धापा टाकत आलेला, हातात प्लास्टिकची फाइल.

"मॅडम, फक्त तीन सह्या. पाच मिनिटांचं काम आहे."

"आज होणार नाही," मी म्हणाले. "घरात बोलणं व्हायचंय."

"पण तुमच्याकडे पावर आहे ना? मग अंकलना कशाला त्रास देता?"

"पावर आहे," मी म्हणाले. "म्हणूनच."

त्याला काही कळलं नाही. गिऱ्हाईक थांबणार नाही असं दोनदा सांगून तो गेला. चूक त्याची नव्हतीच.

रविवार: कल्याणमार्गे घरी

परतताना कल्याण स्थानकाजवळच्या बस स्थानकातून नाशिकची गाडी घेतली. डोंबिवलीहून हे सोयीचं, ठाण्यापर्यंत उलटं जायला नको. गाडी सुटायला वेळ होता म्हणून एका हॉटेलात इडली खाल्ली. दामूकाकांचा छापखाना होता ती गल्ली बाबांनी काठीने दाखवली. तिथे आता मोबाइलच्या कव्हरांची दुकानं आहेत.

गाडीत मी त्यांना विचारलं, "तिघांत कुठला देश चांगला होता, बाबा? तुमचं मत."

शहापूर गेलं तरी उत्तर नाही. मी विसरूनही गेलेले. घाट लागला तेव्हा म्हणाले, "राजगिरा... सोपा." आणि बऱ्याच वेळाने, "राजाला."

घरी

सभा नाशिकला तीन संध्याकाळी चालली. नवरा बोलला: हप्ते, व्याज, बंद घराचा देखभाल खर्च. मुलगी बोलली: बारावी आहे, मला दार लावता येईल अशी खोली हवी. मी बोलले. बाबा ऐकत होते. चौथ्या दिवशी वाटलं आता बोलतील. नाही बोलले. पाचव्या, सहाव्या दिवशी एजंटचे फोन. मी रोज चहाच्या वेळी त्यांच्या तोंडाकडे बघायचे. खाजणातली माणसं आठ रविवार कशी थांबली असतील, कळेना. आतल्या आत धुमसत होते मी, सुमित्रामावशींना फोनवर म्हणालेसुद्धा, "तुमची चिठ्ठी बरी." त्या म्हणाल्या, "चिठ्ठी तुझ्या नावाने निघाली असती तर बरी."

दामूकाकांचा फोन एकदा आला. बाबांना शब्द सापडेपर्यंत ते लाइनवर थांबले होते. पलीकडून हिराकाकींच्या भांड्यांचा आवाज येत होता. काय बोलले ते मी विचारलं नाही.

नवव्या दिवशी, सगळे जेवायला बसलेले असताना, बाबांनी भाताचा घास खाली ठेवला. कुणी विचारलं नव्हतं.

"नको विकू," ते म्हणाले.

एका दमात, न अडखळता. दोन वर्षांत इतकं सलग मी ऐकलं नव्हतं.

मला आनंद झाला असं लिहायला आवडलं असतं. राग आला. मुलगी ताट घेऊन उठून गेली. विचारायचं ठरवणं सोपं होतं, त्या शनिवारी दुपारी तर मला स्वतःचं कौतुकही वाटलेलं. हे असं उत्तर येऊ शकतं, याचा हिशेब मी खरा धरलाच नव्हता.

"का बाबा?" मी विचारलं.

ते शोधत राहिले. आम्ही जेवण संपवलं, ताटं उचलली, ओटा पुसून झाला. मग मी पुन्हा त्यांच्यासमोर बसले. मुलगीही दाराशी येऊन उभी राहिली, हाताची घडी घालून.

"मी..." ते म्हणाले, "अजून... आहे."

मुलीने हाताची घडी सोडली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी एजंटला फोन करून नाही म्हणून सांगितलं. संध्याकाळी घरी आले तर बाबांचा पलंग बाहेरच्या खोलीत आलेला आणि त्यांच्या खोलीत मुलीची पुस्तकं लागलेली. कुणी ठरवलं विचारलं, तर दोघांनीही एकमेकांकडे बोट दाखवलं.